पहिला बळी मीच

३ तारीख, सकाळी ९
कॉलेजचं पत्र! ‘जुन्या विनोदी भुतांच्या सिनेमांतलं ठेंगण्या कलाकारांचं प्रतिनिधित्व’ या विषयावर परिसंवाद, आणि पाहुणा मी. उशिरा का होईना, जाग आली म्हणायची. एकवीस सिनेमांत भुताने सगळ्यांत आधी मलाच खाल्लं. उंची साडेतीन फूट, पण माझ्यापुढे हीरो फिका पडायचा, म्हणून दिग्दर्शक मला पंधरा मिनिटांत उरकायचे. पाकिटावर पत्ता बरोबर, नाव चुकलंय. कारकून लोक, दुसरं काय!

दुपारी
बायको म्हणाली, अहो, हे नाव त्या दुसऱ्या बुटक्याचं आहे, पिंपात लपायचा त्याचं. मी म्हटलं, तो जाऊन नऊ वर्षं झाली, मेलेल्या माणसाला कोण पत्र पाठवेल? म्हणजे ते मलाच आहे. तिने कपाळाला हात लावला.

५ तारीख
संकल्प: आजपासून रोज स्टुलावरून पडायचा सराव. ती माझी खासियत. भूत दिसलं की किंचाळायचं आणि स्टुलासकट आडवं व्हायचं. लोक थिएटर डोक्यावर घ्यायचे. परिसंवादात करून दाखवणार.

६ तारीख
सराव स्थगित. कंबर धरली. हल्ली स्टुलंच धड मिळत नाहीत.

९ तारीख
कॉलेजातल्या मॅडमचा फोन. सेटवर तुमचा अपमान व्हायचा का, म्हणे. छे! दिग्दर्शक प्रेमाने ‘ए बुटल्या’ म्हणायचे. अकरा वर्षांत एकदाही नाव घेतलं नाही, इतकी जवळीक. जेवायला जमिनीवर बसवायचे, टेबल मला उंच पडेल या काळजीपोटी. मॅडमनी हे दोनदा विचारून लिहून घेतलं. भारावल्या असणार.
मग म्हणाल्या, तुमचा तो पिंपातला सीन दाखवणार आहोत. मी खरं सांगणारच होतो, पण त्यांनी फोन ठेवला.
(ठेवायच्या आधी मी ‘वा, वा, जरूर’ म्हणालो. ते केवळ सभ्यपणा म्हणून.)

१४ तारीख
मुलगा म्हणतो, बाबा, आत्ताच सांगून टाका, नाहीतर तोंडघशी पडाल. म्हटलं, पडणं हाच माझा धंदा होता, त्यावर तू शिकलास.
सांगायला फोन उचलला होता. एंगेज लागला. दोनदा कोण करतं?

१७ तारीख, संध्याकाळी
हॉल गच्च भरलेला. पिंपाचा सीन दाखवला. कुणी हसलं नाही. सगळे माझ्याकडे कळवळून बघत होते. मी मान लववली.
तेवढ्यात पहिल्या रांगेतली एक ठेंगणी बाई उठली. म्हणाली, पिंपात माझे वडील आहेत. हे कोण?
सगळं कबूल केलं. माझे एकवीस सिनेमे वेगळे आहेत, हेही सांगितलं. त्यातला एकही तिथे कुणी पाहिलेला नव्हता.
मॅडम क्षणभर गोंधळल्या. मग माझ्या डोक्यावर हात ठेवून माइकवर म्हणाल्या, बसा काका, तुम्हीही चालाल, मुद्दा तोच आहे. टाळ्या पडल्या.
आयुष्यात इतकी लाज कधी वाटली नव्हती. तरी बसलो.
शेवटी मला एकच प्रश्न आला. पिंपात गुदमरायचं का हो?
पिंपातल्याची मुलगी अजून उभीच होती.
मी म्हणालो, हो, फार.