पाव्हणं आलेलं स्टेअरिंग

हसनाबाद, ता. भोकरदन, जि. जालना
रविवार, २३ नोव्हेंबर २०२५

प्रिय राजानंदभाऊ यांस,

बद्रीनाथदादाचा रामराम. कल्याणीताईंना नमस्कार, अन् तुमच्या आईंच्या, म्हणजे आमच्या मावशींच्या, पायाला माझ्या वतीनं हात लावा. इकडं मी, उषाबाई अन् अँबेसिडर, तिघंबी ठीक. तिघांचे सांधे सकाळी कुरकुर करतात, ऊन पडलं की बराबर होतात.

तुमचं पत्र येऊन तीन आठवडे झाले. त्यात तुम्ही दोनच गोष्टी विचारल्यात. तुमच्या क्लबातली सहा माणसं जानेवारीत आली तर चालतील का, अन् तुमच्या बाबांचं स्टेअरिंग कसं आहे. पहिलीचं उत्तर, सहा काय, सोळा या. दुसरीचंही देतो. पण जरा दम धरा, तिथवर पोचायला मला वेळ लागून राह्यला.

आपल्या जालन्याच्या जुन्या गाड्यांच्या मंडळात आता सात गाड्या झाल्या. मागच्या रविवारी सगळे जमलो. तातेरावांची फियाट नेहमीसारखी चौघांनी ढकलत आणली. कुणी हसलं की त्यांचं उत्तर ठरलेलं असतं, नवरदेवाला घोड्यावर बसवायला बी चार माणसं लागतात म्हणून. तुम्ही आल्यावर जालन्याहून सगळ्या गाड्या रांगेनं हसनाबादला आणायच्या अन् आमच्या मळ्यात हुरडा खायचा, असं ठरलं आहे. शेंगदाण्याची चटणी किती तिखट करायची यावर उषाबाईंचं अन् तातेरावांचं आत्तापासून वाजलंय. तुमच्या माणसांच्या जिभेची काळजी फक्त मलाच.

सहा वर्षं झाली. भोकरदन रोडच्या पंपावर मी काच पुसत उभा होतो अन् तुम्ही भाड्याच्या गाडीतून उतरून थेट माझ्या बॉनेटवर हात ठेवला होता. म्हणालात, "ही आमच्या ऑक्सफर्ड गाडीची बहीण आहे." मॉरिशसचा माणूस मराठी बोलतो हे मला तेव्हा ठाऊक नव्हतं. तुमची मराठी शाळेतल्या पुस्तकातली, माझी बांधावरची. तरी दोघांचं जमलं, अन् मंग दोन क्लबांचं जमलं.

पाव्हण्या पार्टाची कल्पना तुमचीच. दर वर्षी एका गाडीचा जुना पार्ट दुसऱ्या देशात पाठवायचा, तिथल्या गाडीला लावून वर्षभर फिरवायचा, अन् जसा आला तसा परत करायचा. तातेरावांची राखदाणी तुमच्याकडं वर्षभर राहून आली. तुमचा भोंगा इथं भोकरदनच्या बाजारात वाजला. अन् या वर्षी तुम्ही बाबांच्या टॅक्सीचं स्टेअरिंग पाठवलं. एवढी मोठी वस्तू कुणी कुणाला देत न्हाई, हे मला बॉक्स उघडतानाच कळलं होतं.

भाऊ, आठ महिने मी ते धरून गाडी चालवली. वाक्वा ते पोर्ट लुई एकतीस वर्षं टॅक्सी चालवून बाबांच्या उजव्या अंगठ्यानं त्यात खळगा पाडला होता. माझा अंगठा आपोआप तिथं जाऊन बसायचा. कधी कधी वाटायचं, मी चालवत न्हाई, शेजारी बसलोय.

आता सांगतो.

खंडेनवमीला आमच्याकडं सगळं लोखंड, अवजारं, गाड्या धुऊन पुसून पुजतात, हे तुम्ही पाहिलंय. पूजेच्या आधी मी गाडीला पॉलिश करायला जालन्याला नागसेनकडं गेल्तो. हा पोरगा गाड्या रंगवण्यात पक्का, हात सोन्याचा. तिथं नव्या पॉलिशपुढं ते तडे गेलेलं स्टेअरिंग पाहून मला लाज वाटली. आमच्यात पाव्हण्याला वाटंला लावताना नवा कपडा अंगावर घालतात. वर्षभर आपल्या घरी राहिलेलं स्टेअरिंग फाटक्या अंगानं परत कसं पाठवायचं? मी नागसेनला म्हणालो, याचं बी करून टाक.

त्यानं तड्यांत लांबी, म्हणजे रंगाखालची पुट्टी, भरली. खळग्यापाशी आल्यावर थांबला. त्यावरून बोट फिरवून म्हणाला, "दादा, ही झीज हाय, तूट न्हाई. ठेवू का?"

मी म्हणालो, "भर. अर्धं काम करू नको."

झालं. लांबी धरावी म्हणून त्यानं खळग्याच्या कडा आधी घासून घेतल्या, मंग भरलं, मंग काळा चकचकीत रंग दिला. गाडीला झेंडूची माळ घातली तेव्हा त्या स्टेअरिंगमध्ये माझा चेहरा दिसत होता. मी गावभर दाखवत हिंडलो. हे सांगायला मला सगळ्यात जास्त लाज वाटते.

कळलं ते चौथ्या दिवशी. देवळाच्या वळणावर अंगठा नेहमीच्या जागी गेला अन् घसरला. गाडी बाजूला घेतली अन् बसून राह्यलो. जसा आला तसा परत, हे मला पाठ होतं. पण मी त्याचा अर्थ धरला होता की हरवायचं न्हाई, मोडायचं न्हाई. चांगलं करून बी बिघडवता येतं, हे चौऱ्याहत्तराव्या वर्षी कळलं.

तेव्हाच तुम्हाला फोन करायला पाहिजे होता. न्हाई केला. दिवाळीत व्हिडिओवर मावशींनी विचारलं, "बद्रीनाथ, स्टेअरिंग बरं आहे ना?" मी म्हणालो, "मजेत आहे, मावशी," अन् फोन उषाबाईंच्या चकल्यांकडं फिरवला. नंतर उषाबाई माझ्याशी दोन दिवस बोलल्या न्हाईत. बोलल्या तेव्हा एवढंच म्हणाल्या, "म्हातारीला खोटं सांगून चकली गोड लागली का?"

त्यानंतर तुमचं पत्र आलं. मावशींना आता डोळ्यांनी फारसं दिसत न्हाई, हातानं ओळखतात. जानेवारीत स्टेअरिंग परत आलं की बाबांच्या वर्षश्राद्धाला त्यांच्या मांडीवर ठेवायचं आहे, त्या अंगठ्याची जागा रोज विचारतात. हे मी आत्तापर्यंत सात-आठ वेळा वाचलं. नागसेनला बी वाचून दाखवलं. त्यानं लांबी काढून पाहिली, पण कडा गेल्या त्या गेल्या. आता तिथं नुसता उथळ खड्डा आहे, कुणाच्याच अंगठ्याचा न्हाई. तो बिचारा म्हणतो चूक माझी. त्याची न्हाई भाऊ. त्यानं विचारलं होतं.

तातेरावांनी वाट काढली. तुम्ही पाठवलेला जुना फोटो आहे, माझ्या अंगठ्याला जागा पाठ आहे, कानशीनं हुबेहूब खळगा पाडू, वर जुना रंग चढवू, कुणाच्या बापाला कळणार न्हाई. वाईट मनानं न्हाई म्हणाले ते, माझी तगमग त्यांना बघवत नव्हती. अन् खरं सांगतो, मी कानस घेऊन बसलो बी होतो. फोटो पुढं ठेवला. चार-सहा वेळा घासलं, अंगठा टेकवून पाहिला. जमत होतं. बिलकुल जमत होतं, म्हणूनच हात थांबला. मी पाडलेल्या खळग्यावरून मावशींचा हात फिरला असता, त्यांनी नवऱ्याला हाक मारली असती, अन् ओ माझ्या कानशीनं दिली असती.

कानस तातेरावांना परत दिली. चार-सहा घासल्याच्या खुणा आहेत. त्या माझ्या आहेत, एवढं तुम्हाला ठाऊक असावं.

आता स्टेअरिंग आहे तसंच, धुतलेल्या चादरीत गुंडाळून ठेवलंय. माझ्या गाडीला माझं स्वतःचं परत लावलंय. भरपाई म्हणून मी काही पाठवत न्हाई, याची भरपाई होत नसते. एकच मागतो. हे मावशींना तुम्ही सांगू नका. पुढच्या रविवारी तुमच्याकडचे चार, आमचे साडेपाच, तेव्हा त्यांच्या हातात फोन द्या. दिवाळीला खोटं मी बोललो, खरंबी मीच सांगतो. त्या रागावल्या तर ऐकून घेईन. गप्प बसल्या तर तेही ऐकून घेईन. तोवर तुम्ही तिकिटं काढू नका. त्यांचं ऐकून मंग सहाही जणांनी ठरवा, जालन्याला यायचं का.

आलात तर हुरडा तयार आहे. न्हाई आलात तर स्टेअरिंग घेऊन मीच तिकडं येतो. या वयात पहिल्यांदा विमानात बसायचं म्हणून उषाबाईंनी आत्तापासून स्वेटर काढून ठेवलाय. तुमच्या बेटावर थंडी नसते हे त्यांना कितीदा सांगितलं, ऐकत न्हाईत.

टपालानं हे पोचेपर्यंत जानेवारी उजाडेल, म्हणून पानांचे फोटो काढून फोनवर पाठवतोय. एक पान बी मागं ठेवलेलं न्हाई.

तुम्ही मला दादा म्हणता. रविवारी मावशींशी बोलणं होईस्तोवर म्हणू नका. त्यानंतर म्हणावंसं वाटलं तर म्हणा, मी फोनजवळच असेन.

बद्रीनाथ