सहावा फर्मा

ता. १२ जून

आदरणीय ताई,

नमस्कार. शुद्धलेखनाच्या चुका पोटात घाला. शाळा सातवीतच सुटली. शेजारच्या काकूंच्या फोनवर एका बोटानं टाइप करतेय, एक ओळ होईपर्यंत चहा गार होतो. तुमचा ईमेलचा पत्ता पुस्तकाच्या मागच्या पानावर मिळाला.

तुमची गोष्ट वाचली. विकत घेऊन नाही. मी आणि आत्या बाइंडिंगच्या कारखान्यात फर्मे जुळवतो. फर्मा म्हणजे सोळा पानांची घडी. तुमच्या पुस्तकाला सहा लागतात. टेबलाभोवती फिरत एकेक उचलायचा, एकावर एक ठेवायचा. वाचायचं नसतं. मालक म्हणतात, "हाताला काम, डोळ्यांना सुट्टी."

पण ती मुलगी! गंमत म्हणून गावाची घंटा वाजवते काय, आणि शिक्षा म्हणून तिच्याऐवजी भावाची सावली काढून घेतात काय! सावली नाही म्हणून त्याला घरचं कुत्रंसुद्धा ओळखत नाही, हे तुम्हाला सुचलं कसं? पाचव्या फर्म्यात ती कबूल करायला घंटेच्या मनोऱ्याचा जिना चढते तेव्हा मी पण धापा टाकत होते. आत्या म्हणाली, "अगं ए खुळे, पाय चालव. तोंड काय उघडं टाकलंयस!"

एक विचारायचं होतं. तुमच्याकडे प्रती आल्या ना? मधली एखादी उघडून बघा. ऐंशीव्या पानानंतर परत पासष्टावं आलं तर घाबरू नका. म्हणजे घाबरा, पण...

ताई, तसं झालंय. काही प्रतींत पाचवा दोनदा गेलाय आणि सहावा नाहीच. त्यात ती परत पहिल्या पायरीपासून चढते आणि पुस्तक संपतं. पहारेकऱ्यासमोर "घंटा मी वाजवली" म्हणतच नाही. भाऊ तसाच राहतो, बिनसावलीचा.

दुकानातून परत आलेली एक प्रत मालकांनी काल टेबलावर आपटली. आत्याला म्हणाले, "तुला आता दिसत नाही. सोमवारी येऊन हिशेब घे नि घरी बस." आत्यानं नुसता चष्मा पुसला. तिला वाटतंय तिचंच चुकलं. पण त्या दिवशी शेवटचे दोन फर्मे माझ्याकडे होते. एका हातात सहावा धरून मी वाचत उभी, आणि दुसरा हात आपला पाचव्याकडेच जात होता.

मालकांना खरं सांगायचं होतं. काल तीनदा त्यांच्या दारापर्यंत जाऊन परत आले. तुमचा सहावा फर्मा तोंडपाठ आहे, तरी.

सोमवारी सकाळी तुम्ही उरलेल्या प्रती न्यायला येणार म्हणे. हे पत्र मालकांना वाचून दाखवाल? मोठ्यानं, आत्याला ऐकू जाईल असं. मी तिथंच टेबलापाशी असेन. पळणार नाही.

आमच्या जिन्याखालच्या मांजरीला आत्ताच तीन पिल्लं झाली. एक तर इतकं काळं, की हात लावल्याशिवाय सापडत नाही.

घंटा वाजवणारी,
आत्याची भाची