चिकू उचलला तेव्हा

रविवार, संध्याकाळ. वेवजी.

हद्दीपलीकडच्या, गुजरातेतल्या आमच्या गोल्फ क्लबात आज पहिल्यांदाच स्पर्धेचा पंच होतो, आणि दंड केला तो नेमका मेहताकाकांना. गोल्फ शिकवायला मला कायम ठेवायचं की नाही, ते ठरवणार तेच!

त्यांचा बॉल झाडाखाली पडलेल्या चिकूला टेकला होता. त्यांनी चिकू उचलला आणि बॉल हलला. चिकू उचलायला हरकत नाही, पण बॉल हलता कामा नये.

"वाऱ्याने हलला," काका म्हणाले.

वारा होता का? होता. पण बॉल हलला तो चिकू उचलला तेव्हाच.

"एक फटका दंड, काका. बॉल परत जागेवर ठेवा." आवाज केवढा बारीक निघाला माझा!

त्याच एका फटक्याने ते हरले. घरी काय सांगू, या विचारात स्कूटरपाशी आलो, तर काका तिथे उभे. "राग आलाय हां मला," म्हणाले आणि तोच चिकू माझ्या हातात ठेवला. "पण पुढच्या मॅचला पंच तूच पाहिजे."

नोकरीचं ते बोलले नाहीत. मीही विचारलं नाही.

चिकू दगडासारखा कडक आहे. आईने तो तांदळाच्या डब्यात पुरून ठेवलाय. म्हणाली, "पिकेल. सारखा सारखा दाबून बघू नको."