साक्षीला गेलो आणि संच राहिला

ती. ताईस,

साष्टांग नमस्कार. तुझा गुडघा जिना चढू देतो का, भाऊजींचा खोकला गेला की नुसताच दबा धरून बसलाय, ते सविस्तर लिही. (माझ्या तब्येतीचं विचारू नकोस. घरातला दिवा जरा लुकलुकला तरी छातीत धस्स होतं.)

आमच्या वीजकेंद्रातला वीज तयार करणारा जुना संच या महिन्यात कायमचा बंद होणार आणि त्याच्याबरोबर मीही घरी बसणार, हे तुला ठाऊकच आहे. तुझ्या भावजयीने तर तुमच्या गल्लीत घरसुद्धा बघून ठेवलं. पण कंपनीच्या मनात आलं म्हणून संच बंद करता येत नाही. मागे वीज कमी पडणार नाही, अशी वीज आयोगाची खात्री पटावी लागते. म्हणून सुनावणी, आणि बॉयलरवर एकतीस वर्षं काढली म्हणून साक्षीला मी! कंपनीच्या वकिलांनी पढवलं होतं, "संच मोडकळीला आलाय, एवढंच बोला आणि खाली बसा." पण ताई, मी जन्मभर बोललो ते यंत्रांशी. (ती उलट प्रश्न विचारत नाहीत.) आयोगाच्या बाईंनी चष्म्यावरून पाहत विचारलं, "आणि ऐन उन्हाळ्यात वीज गेली, तर दवाखान्यांनी काय करायचं?" मी पाणी प्यायला पेला उचलला, तो वकिलांच्या कागदांवर लवंडला. ते कागद झटकताहेत तोवर मी बोलून गेलो, "बाहेरची वीज आणणारी नवी वाहिनी येईपर्यंत दोन वर्षं ओढू की!"

झालं! आदेश निघाला: संच दोन वर्षं चालवा आणि जाणकार माणूस कामावर ठेवा. जाणकार म्हणजे अस्मादिक. साहेब आता मला पाहून जिना बदलतात, वकील नमस्कार घेत नाहीत, तुझ्या भावजयीने अबोला धरलाय. त्यात बॉयलरला पाणी देणारा पंप कालपासून कण्हतोय. तो बसला तर सगळं शहर माझ्या नावाने बोटं मोडेल.

तुझा,
धाकटा

ता. क. भावजय गुरुवारच्या गाडीने ट्रंकांसकट तुझ्याकडे येतेय. तिची समजूत घाल. आयोगाने सक्ती केली, माझा नाइलाज झाला, असंच सांग.

पुन्हा ता. क. सक्ती कुणी केली नाही. आदेशात 'त्याची इच्छा असल्यास' असं स्पष्ट लिहिलंय. मी त्याच दुपारी सही करून आलो. काय करू, पंपाचं कण्हणं नव्या माणसांना ऐकूच येत नाही गं. टपाल उशिरा पोचेल म्हणून पत्र तिच्याच हाती देतोय. पाकीट दोनदा चिकटवलंय. उघडलेलं दिसलं, तर मला कळवायची तसदी घेऊ नकोस. तोवर मला कळलेलं असेल.