बिनदाण्याचं बिस्किट

नागापूर, १२ मार्च १९९७

ती. आईस,

आज पंकजला जाऊन वर्ष झालं. मी कामावर गेले. बेकरीत दाणे, दूध, अंडं न घालता केलेल्या बिस्किटांची पाकिटं संध्याकाळी चाळीतल्या मुलांना चाखायला दिली.

सायली म्हणाली, "काकू, गोड लई कमी हाय." तिचा भाऊ म्हणाला, "मला अजून दोन द्या, मग सांगतो."

वर्षश्राद्धाला आले नाही म्हणून दादा चिडला असेल. चिडू दे. लेकराच्या नावाचा घास इथल्या पोरांच्या पोटात गेला. बेकरीचे मालक म्हणतात, दाण्याने कुणी मरतं का? मी म्हटलं, माझा मुलगा मेला. हे बिस्किट मी करणारच.

तू दिलेल्या दाण्याच्या लाडवाचं मनाला लावून घेऊ नकोस. पंकजला दाण्याची अ‍ॅलर्जी आहे हे तेव्हा कुणालाच ठाऊक नव्हतं. जेवतेस ना?

मुलं गेल्यावर उरलेलं एक बिस्किट चहात बुडवून खाल्लं. गोड कमीच आहे.

तुझी,
धनश्री