डिंपलची बकरी

शिरपूर, ता. ११ ऑगस्ट २०२४

ती. स्व. नानांना पुनमचा शिरसाष्टांग नमस्कार.

फोनवर तुम्हाला नीट ऐकू येत नाही आणि पत्रात माझ्या चुका सापडल्या की तुम्ही खूश असता, तेव्हा पत्रच. तिसरीच्या वर्गाला मी आता लिहायच्या आधी बोलायला लावते. काल काय घडलं ते घरच्या बोलीत शेजारच्याला सांगायचं, त्यानं प्रश्न विचारायचे, मग जसं सांगितलं तसंच कागदावर. प्रमाणभाषा त्यानंतर. गेलं वर्षभर नावापलीकडे काही न लिहिलेल्या डिंपलनं परवा लिहिलं, 'मनी बकरी मरी गई. माय रडनी. बाप काहीच नही बोलना.' कागद भिंतीवर लावलाय, नक्कल सोबत.

लोभ आहे तो आणखी वाढला तर बिघडणार नाही.

तुमची पुतणी,
पुनम

जळगाव, ता. २० ऑगस्ट

चि. पुनम हिस अ. उ. आ.

पत्र पावले. या वेळी चुका तीनच, प्रगती आहे. पण पोरी, अहिराणी चुलीपाशी शोभते, वहीत नाही. 'आहे'च्या जागी तोंडून 'शे' जाई, म्हणून कॉलेजात मुले मला 'शे' म्हणूनच हाक मारीत. मी पंगतीतही बोलेनासा झालो होतो. ती पाळी या लेकरांवर का आणतेस? नक्कल दुरुस्त केली आहे: 'माझी बकरी मरण पावली. आईस अश्रू अनावर झाले. वडील निःशब्द झाले.' तुमचे केंद्रप्रमुख धनसिंग माझे विद्यार्थी. त्यांनाही प्रत धाडली आहे, तुला मार्गदर्शन करतील.

रागावलीस तरी लोभ कमी करू नकोस.

तुझा काका,
रुपचंद, निवृत्त मुख्याध्यापक

शिरपूर, ता. ५ सप्टेंबर

ती. स्व. नानांना नमस्कार.

धनसिंग साहेब येऊन गेले. बोलायचा तास बंद, भिंतीवरचे कागद खाली. तुमची वाक्यं त्यांनी फळ्यावर लिहिली आणि सगळ्या वर्गाला उतरवून घ्यायला लावली. डिंपलनंही उतरवली, एक काना चुकला नाही. साहेबांनी शाबासकी दिली. मग ती माझ्यापाशी येऊन हळूच म्हणाली, 'मॅडम, ही कोनी बकरी शे?'

तेव्हापासून ती वर्गात बोलत नाही. स्वतःचं लिहिणं तर थांबलंच. मला तुमचा फार राग आलाय, नाना, आणि तो मी लपवणार नाही. साहेब तुमचंच ऐकतील. तास पुन्हा सुरू करू द्या, एवढं त्यांना लिहा. लोभाचं त्यानंतर बघू.

पुनम

जळगाव, ता. १२ सप्टेंबर

चि. पुनम हिस अ. उ. आ.

तुझा राग पोचला. धनसिंगांना लगेच लिहिले की, मुलगी बिनचूक लिहू लागली, समाधान वाटले. तिला एवढेच सांग, 'कोनी' नव्हे, 'कोणाची'.

लोभ आहेच.

रुपचंद