पहिला पेला

म्पिंगा बाजार,
१९ एप्रिल

प्रिय तियामिके,

अनेक आशीर्वाद. फोन तू उचलत नाहीस, म्हणून ब्लँटायरला जाणाऱ्या मिनीबसवाल्याच्या हाती हे पत्र देतोय. फेकून द्यायच्या आधी वाच.

मी ठीक आहे. पूर ओसरला, पण बाजारातल्या संडासांचे खड्डे अजून उपसतायत, त्यामुळे नाक धरूनच कामावर जातो. करडी शेळी व्यायली. संध्याकाळी मक्याच्या पिठाची न्सिमा शिजवतो. एकाला पुरेल एवढीच करायला मला अजून जमत नाही. उरलेली शेजारच्या कोंबड्या खातात. दिवसभरात मी बोलतो ते त्यांच्याशीच.

वस्तीतले लोक गोड वागतात. "व्हॉल्ववाले काका, जेवलात का?" म्हणून विचारतात. ते मला सहन होत नाही. त्यापेक्षा तुझा राग बरा.

आईच्या मयतीला नळ कोरडे होते. मयताच्या घराला पाळी नसली तरी पाणी सोडायचं, हा आपला रिवाज. आणि वस्तीच्या नळांचा व्हॉल्व माझ्याच हातात असून मी सोडलं नाही. तू सगळ्यांदेखत म्हणालीस, "बाबा, तुम्ही नळ बंद ठेवलेत म्हणून आई ओढ्याचं पाणी प्यायली. आता तरी सोडा!" मी मान खाली घालून ऐकून घेतलं.

तियामिके, आई ओढ्याचं पाणी प्यायलीच नव्हती.

पुरात ओढ्यावरून येणारा नळाचा पाइप निखळून त्यात घाण पाणी शिरलं होतं. तो मी सायकलच्या ट्यूबने आवळून बांधला. त्यानंतर दिवसभर पाणी वाहून जाऊ द्यायचं, औषध टाकायचं, मगच नळाला सोडायचं. पण औषधाचं पिंप पुरात गेलेलं, आणि आई जिथे पाणी विकायची त्या टपरीसमोर बायका तीन दिवस बादल्या घेऊन बसलेल्या. त्यातली एक म्हणाली, "फायनेसबाई, नवरा व्हॉल्व सांभाळतो की झोपा काढतो?" आई तरातरा माझ्याकडे आली. "अहो, सोडा की आता! तोंड दाखवायला जागा नाही मला."

मी सोडलं.

पाणी बंद राहून पुन्हा आलं, की पहिला पेला टपरीवालीने सगळ्यांसमोर प्यायचा. मगच बायका बादल्या लावतात. आईने पेला भरला, ओठांपाशी नेला आणि मला विचारलं, "बघितलंत ना पाणी?"

मी म्हणालो, "बघितलं."

मी बघितलं नव्हतं. ती हसली आणि घटाघटा प्यायली.

दुसऱ्या सकाळी तिला कॉलऱ्याने गाठलं. मी धावत जाऊन व्हॉल्व बंद केला. आणखी चौघं आजारी पडली, ती वाचली. मयतीच्या दिवशीही पाइपात तेच पाणी होतं, म्हणून सोडलं नाही. पण ते सांगायचं तर आधीचंही सांगावं लागलं असतं. तू लहान गुन्ह्याबद्दल मला बोलत होतीस आणि मी तेवढ्यावर सुटत होतो. मला त्याची लाज वाटते, पोरी. फार वाटते.

रविवारी चर्चनंतर गावप्रमुखांसमोर सगळं सांगणार आहे. नोकरी जाईल, जाऊ दे. त्या चौघांच्या घरचे काय म्हणतील ते म्हणतील. पण तुला हे दुसऱ्या कुणाकडून कळायला नको होतं.

आता तुझ्याकडे त्या दिवशीपेक्षा वाईट शब्द असतील. ये आणि ते माझ्यासमोर बसून बोल. मी मध्ये तोंड उघडणार नाही.

तुझ्या आईशी खोटं बोललेला,
तुझा बाबा